सी ड्राइव्ह १०० वरून १९९ जीबी : मधे अडलेलं रिकव्हरी पार्टिशन

सी ड्राइव्ह भरत आला होता, म्हणून डीमधली जागा काढून तो वाढवायचा होता. डिस्कच्या भागांची (पार्टिशनची) सुरुवातीची मांडणी अशी होती. १ टीबीची हार्ड डिस्क (विंडोज ९३१ जीबी दाखवतं), जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत). डावीकडून ईएफआय (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचं पार्टिशन) १०० एमबी, सी १०० जीबी, रिकव्हरी (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं) ५३० एमबी, डी साधारण ८३० जीबी. सीमध्ये ६ जीबी शिल्लक, डीमध्ये ४१० जीबी भरलेले.

विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून डी आक्रसला तरी सीवरचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकटच राहतं, आणि बरेच जण इथेच अडतात. विंडोज डी उजव्या टोकाकडूनच कापतं, तर सीला जागा हवी असते अगदी स्वतःला चिकटून उजवीकडे. म्हणजे डीची सुरुवातच १०० जीबी पुढे सरकवायला हवी, आणि ते काम पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालवलेल्या जीपार्टेड लाइव्ह या पार्टिशन बदलणाऱ्या प्रोग्रॅमचं.

आधीची तयारी: डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पेंडिंग सेक्टर (वाचता न येणारे, संशयास्पद तुकडे) शून्य आहेत ना, ते पाहिलं. शून्य नसतील तर पार्टिशन सोडा, आधी नवी डिस्क घ्या. डीचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर नुसतं सस्पेंड करून भागत नाही, पूर्ण डिक्रिप्ट करावं लागतं. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून ते पूर्ण बंद न करण्याची सोय) बंद केलं. ते चालू राहिलं तर एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) अर्धवट मिटलेलं राहतं आणि जीपार्टेड त्याला हात लावायला नकार देतं.

मग विंडोजमध्येच डी ३,८९,१२० एमबीने कमी करून ४५० जीबीवर आणला. आकडा तितका खाली जात नसेल तर डीवर पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर विंडोज वापरतं ती फाइल) किंवा रिस्टोर पॉइंट बसलेले असतात. इव्हेंट व्ह्यूअरच्या अॅप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा, नेमकी कोणती फाइल अडते आहे ते तिथे नावासकट मिळतं.

हा टप्पा गाळू नका. पार्टिशन सरकवताना जीपार्टेड त्याची पूर्ण लांबी कॉपी करतं, रिकामी जागासुद्धा. ४५ एमबी प्रति सेकंद वेगाने ४५० जीबीला २ तास ५० मिनिटं लागली. ७३० जीबी सरकवले असते तर साडेचार तासांच्या वर गेले असते.

जीपार्टेडमध्ये डीवर ‘रिसाइझ/मूव्ह’, ‘फ्री स्पेस प्रिसीडिंग’च्या चौकटीत १,०२,४००, ‘न्यू साइझ’ तसाच, अलाइनमेंट एमआयबी. डी थेट डिस्कच्या शेवटाला नेऊ नका, नाहीतर डावीकडे वाढवताना तीच कॉपी पुन्हा करावी लागेल. सरकवून झाल्यावर उजवी कड शेवटपर्यंत ओढली; वाढवणं काही क्षणांत होतं. इथे दिसणारं १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेलं पार्टिशन) डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसत नाही. ते तसंच राहू द्या.

वीज! सरकवणं चालू असताना ती गेली तर डी अर्धा जुन्या जागी, अर्धा नव्या जागी. घरगुती यूपीएस फार तर वीस मिनिटं तग धरतो, तीन तास नाही. इन्व्हर्टरवर लावा, आणि आपल्या भागात देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार असेल तर तो टाळाच.

परत विंडोजमध्ये आल्यावर आधी डिस्क तपासणी आपोआप चालते, ती पूर्ण होऊ द्यायची. आता सी आणि मोकळ्या जागेच्या मधे फक्त रिकव्हरी उरलं, ते काढायचं. त्यासाठी अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘रीएजंटसी /डिसेबल’ देऊन रिकव्हरीची सोय तात्पुरती बंद केली. डिस्कपार्ट या विंडोजच्या पार्टिशन कमांडमध्ये रिकव्हरी पार्टिशन निवडून ‘डिटेल पार्टिशन’ दिलं आणि टाइप व अॅट्रिब्यूट हे दोन आकडे वहीत उतरवून घेतले. नवं पार्टिशन करताना तेच लागतात. त्यानंतरच ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’.

आता सीशेजारी १,०२,९३० एमबी मोकळे. त्यातले १,०१,९०६ सीला दिले, १,०२४ नव्या रिकव्हरीला. जुने ५३० एमबी पुरत नाहीत: जानेवारी २०२४ च्या विंडोज १० अपडेटला रिकव्हरीत २५० एमबी मोकळे हवे होते, आणि असंख्य संगणकांवर ते तिथेच फसलं. नवं पार्टिशन एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून वहीतले दोन्ही आकडे ‘सेट आयडी’ आणि ‘जीपीटी अॅट्रिब्यूट्स’ने बसवले, ‘रीएजंटसी /एनेबल’ केलं. ‘/इन्फो’ने ‘एनेबल्ड’ दाखवलं.

सीमध्ये आता १०५ जीबी मोकळे, डी ७३० जीबी. बाकी आहे ते डीवरच्या मोठ्या फाइली बॅकअपशी ताडून पाहणं. तोवर बॅकअपची डिस्क पुसायची नाही.