एकटीच गेलीस? तुम्ही विचारलंत म्हणून

कर्नाटकातल्या बदामी-ऐहोळेच्या जुन्या गुहा-देवळांचे फोटो स्टेटसला टाकले की पहिला मेसेज ठरलेला, "कोणाबरोबर गेलीस?" एकटी म्हटलं की दुसरा, "भीती नाही वाटत? घरचे सोडतात?" मावशीने तर थेट फोनच केला, "एकटीच जाऊलीस काय गे, खुळी का काय तू!" प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तर ही काही लांबची मोहीम नाही हो. बेळगावातनं सकाळची बस धरली की जेवायच्या वेळेला बदामी, थेट मिळाली तर बरं, नाहीतर रामदुर्गला बदलायची. आणि २०२३ पासून शक्ती योजनेत आम्हा बायकांना कर्नाटकच्या साध्या बसला पैसे नाहीत, आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो, म्हणजे प्रवासाचा खर्च काय तो चहाचा. अशाच बसमधनं बायका सौंदत्तीला यल्लम्माला एकट्या जातात-येतात, त्यांना कोणी विचारत नाही भीती वाटते का म्हणून. देवाला गेलं की चालतं, दगड बघायला गेलं की चौकशी.

एकटी का, तर बरोबरची माणसं थांबत नाहीत म्हणून. घरच्यांबरोबर टेंपो करून गेलो होतो तेव्हा बदामीच्या चारही गुहा अर्ध्या तासात उरकल्या, फोटो काढले आणि "चला, झालं बघून, बनशंकरीला जेवायचंय". अहो पहिल्या गुहेतल्या नटराजालाच अठरा हात आहेत, नऊ इकडे नऊ तिकडे, कुठलाही उजवा कुठल्याही डाव्याबरोबर जोडून बघा, नाचाची मुद्रा बदलते. मी खाली बसून एकेक जोडी लावत राहिले, वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्या गुहेत चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा लेख आहे, शके ५०० म्हणजे इ.स. ५७८ चा, आणि खांबांच्या वरच्या बाजूला जोडपी कोरलीयत ती बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. हे "चला चला" मध्ये होत नाही.

पण माझं मन ऐहोळेत जास्त रमतं. गावातच देवळं, एका देवळाचं नाव लाडखान, कारण त्या नावाचा माणूस कधीकाळी तिथे राहायचा. पायऱ्या चढून टेकडीवरच्या मेगुटी देवळाशी गेलं की भिंतीत रविकीर्ती कवीचा शिलालेख आहे, इ.स. ६३४ चा. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची स्तुती, त्यात कालिदासाचं आणि भारवीचं नाव, आणि पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला असंही. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. सीमाप्रश्नाच्या घोषणा ऐकत मोठं झालेल्या माझ्यासारखीला तिथे उभं राहून हसूच आलं. वर चिटपाखरू नव्हतं, कोणाला सांगणार!

पट्टदकल्लला तर आपलीच नदी भेटते. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा तिथे उत्तरेला वळते, म्हणून ती जागा पवित्र. विरूपाक्षाचं देऊळ लोकमहादेवी राणीने बांधून घेतलं, नवऱ्याने म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीच्या पल्लवांना हरवलं त्याची आठवण म्हणून, आणि शेजारचं मल्लिकार्जुन तिच्या सख्ख्या बहिणीने, ती पण त्याचीच राणी. दोघी बहिणी, नवरा एक, देवळं एकमेकांना लागून, त्या घरात काय काय चाललं असेल याचा विचार करत मी अख्खी दुपार घालवली. १९८७ पासून जागतिक वारसा आहे ते, पण विरूपाक्षाला अजून रोज पूजा होते.

आता भीती. वाटते ना, बदामीच्या माकडांची तर फारच, हातात पिशवी दिसली की संपलं. बाकी देवळात कधी वाटली नाही, वाटते ती संध्याकाळी फाट्यावर बसची वाट बघताना. म्हणून मी पाचच्या आत बदामीत परत येते, खोली स्टँडजवळ आणि मालकाची बायकापोरं तिथेच राहतात अशी बघते, आणि कोणी विचारलंच तर "मंडळी मागनं येतायत" असं बिनधास्त ठोकून देते. तिथल्या बायकाही विचारतात, "ओब्बाकीन बंदीयेनव्वा?", एकटीच आलीस का गं, पण त्यांचा लगेच पुढचा प्रश्न "ऊटा आतेनू?" असतो, जेवलीस का. बनशंकरीच्या तळ्याकाठी टोपली घेऊन बसलेल्या एका आजीने ज्वारीची कडक भाकरी, झुणका, शेंगाचटणी वाढली आणि मी नको नको म्हणत असताना दह्याचा आख्खा गोळा वर घातला. कन्नड थोडं येत असेल तर सोपं जातं हे खरं, बसचे बोर्ड तरी वाचता यायला हवेत.

कोणाला जायचं असेल तर थंडीत जा, उन्हाळ्यात ते लाल दगड भाजून काढतात. सकाळी लवकर ऐहोळे, येताना पट्टदकल्ल, दुसऱ्या दिवशी निवांत बदामी. आणि शुक्रवार टाळा, त्या दिवशी बदामीचं म्युझियम बंद असतं.