गडग्यातली वही

देवगड तालुक्यात माझं आजोळ आहे. मामाच्या हापूसच्या बागेला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण आहे आणि त्या गडग्यात मी एक डबा लपवलेला आहे. मामाला विचारून. लपवलेले डबे शोधण्याच्या जिओकॅशिंग या खेळाचा पहिला नियमच तो: जागा ज्याची, त्याची परवानगी हवी. जमिनीत पुरायचं नाही आणि दुसऱ्या कुणाच्या डब्यापासून १६१ मीटरच्या आत ठेवायचं नाही. डब्याचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकायचे, लोक मोबाइल घेऊन शोधत येतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तिथे ठेवून जातात. वही नसेल तर डबा सापडल्याला काही अर्थ नाही. आणि माझं घोडं पेंड खात होतं ते वहीतच.

२०२२च्या मे महिन्यात मी डबा ठेवला तेव्हा चारी बाजूंनी कड्या लागणारा चांगला प्लास्टिकचा डबा घेतला होता. आत साधी वही, एक जेल पेन, शिवाय झिपवाली पिशवी. ऑक्टोबरात उघडलं तर पिशवीत राखाडी लगदा, त्यावर हिरवट बुरशी, आणि जिथे स्टेपलरच्या पिना होत्या तिथे गंजाचे दोन डाग. आलेल्यांची नावं वाचायचा प्रश्नच नव्हता.

एवढा धो धो पाऊस पडणाऱ्या गावात पाणी आत शिरलं यात नवल नाही, असं मला वाटलं होतं. पण डब्यात पाणी साचलेलं नव्हतं. जूनमध्ये कुणी डबा उघडला की ती दमट हवा आत जाते आणि झाकण लावलं की तिथेच अडकते. रात्री गारवा आला की आतून दव धरतं, आणि पिशवी ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. झाकणाच्या रबरावर वाळूचा एक कण बसला तरी तेवढ्या फटीतून पाणी झिरपतं, ते वेगळंच. मी सिलिका जेलची पुडी टाकली होती. तिचं पोट पहिल्याच महिन्यात भरलं असणार.

पुढच्या वर्षी लॅमिनेशन करून पाहिलं, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लॅमिनेशनवर लिहिता येत नाही, आणि कडेला कापलं की तिथूनच पाणी आत जातं.

मग खरा जलरोधक कागद शोधायला लागलो. अमेरिकेतल्या ‘राइट इन द रेन’ या कंपनीची एक छोटी वही मावसभावाने आणून दिली. टॅकोमा गावात १९१६पासून, जंगलात पावसात काम करणाऱ्या लाकूडतोड्यांसाठी सुरू झालेला हा कागद. लाकडाच्या लगद्याचाच, पण वर असा लेप की अळवाच्या पानासारखं पाणी ओघळून जातं. वही इतकी सुरेख की गडग्यात ठेवायला जीव होईना. ती अजून माझ्या खणात आहे!

डब्यासाठी मी दगडी कागद घेतला. नाव ऐकून हसू येतं, पण त्यात साधारण ८० टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची भुकटी असते आणि उरलेलं पॉलिथिलीन. लाकडाचा धागाच नाही, त्यामुळे पाण्याने फुगत नाही, आणि वाळवीलाही खायला काही मिळत नाही. कोकणात हा दुसरा गुण पहिल्याइतकाच मोलाचा. रकाने छापून घ्यावेत म्हणून झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने कागद बोटांत चोळून पाहिला आणि विचारलं, “हे आत वितळणार नाही ना?” लेझर प्रिंटरमध्ये कागद तापलेल्या रोलरखालून जातो, त्याला पॉलिथिलीन टिकत नाही. त्याने विचारलं नसतं तर मशीन दुरुस्तीचं बिल माझ्या नावावर आलं असतं. घरी येऊन पट्टीने रेघा मारल्या.

मग परीक्षा. बरणीत मिठाचं पाणी केलं, कागदाचे तुकडे वेगवेगळ्या पेनांनी लिहून रात्रभर बुडवले. मे महिना, मामी शेजारीच कैऱ्या चिरत बसलेली. म्हणाली, “मेल्या, कागदाचा लोणचा घालतंस काय रे?”

लोणचं चांगलं मुरलं. कागद होता तसाच. शाईपेनाचं लिखाण वाहून गेलं, जेल पेनाचं बोट लावताच पुसलं गेलं. कोरड्यावर लिहिलेलं बॉलपेन टिकलं, पण ओल्या कागदावर तेच पेन नुसतं घसरायला लागलं. शिसपेन्सिल मात्र ओल्यावरही उमटली आणि दुसऱ्या दिवशीही वाचता येत होती. यात मी काही शोध लावला नाही. ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये पहिला डबा ठेवला, तेव्हा वहीबरोबर पेन्सिलच ठेवली होती. “काही घ्या, काही ठेवा” हा खेळाचा रिवाजही तेव्हापासूनचा. जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकन सरकारने नुकतीच काढून टाकली होती, म्हणून हा खेळ शक्य झाला.

आता उरल्या पिना. पिनांऐवजी तंगुसाने, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन धाग्याने वही शिवली, खाऱ्या हवेला गंजवायला काही उरलं नाही. फक्त दाभण जपून घालायचं: दगडी कागदाला कडेला चीर गेली की तो सरळ फाटत जातो. झिपची पिशवी काढून टाकली. कड्यांच्या डब्याऐवजी रबरी रिंग असलेली आट्यांच्या झाकणाची बरणी आणली, आणि पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोकून ठेवली, कारण शार्पनरचं पातंही गंजतंच.

जागाही बदलली. आधीच्या खोबणीत हात कोपरापर्यंत घालावा लागायचा आणि आमच्या कातळावर फुरशी आहेत. आता बरणी गडग्याच्या माथ्यावर, एका सपाट चिऱ्याखाली आहे. आधी चिरा काठीने सरकवा, मग हात घाला, असं साइटवर स्पष्ट लिहिलंय.

२०२४च्या दिवाळीत जाऊन बरणी उघडली. तळाला थोडं दव होतं, पानं एकमेकांना चिकटली होती, पण ओढल्यावर सुटली. पाच नावं, सगळी वाचता येण्याजोगी. एकाने स्वतःच्या जेल पेनाने सही केलेली, तिचा निळा ढग झालेला. आणि जुलैची एक नोंद मामाच्या अक्षरात: “डबो सुको आसा. भायर कुर्ली गावली, ती घराक नेलंय.”

घेतलं ते, म्हणजे खेकडा, लिहिलं होतं. बदल्यात काही ठेवलेलं मात्र सापडलं नाही. पेन्सिलचं लाकूड फुगून उभं चिरलं होतं, ती बदलून आलो.