पत्रा की स्लॅब?

नेब्युलायझरवर, म्हणजे दमेकऱ्याला औषधाची वाफ देणाऱ्या मशीनवर, आणलेल्या मुलाच्या आईला घरी जाताना काय सांगायचं, ते वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकले असते. "दारं-खिडक्या लावून घ्या, पोराला धुरात बाहेर काढू नका, पाणी पाजत राहा." वीस वर्षांच्या नोकरीत हजारो वेळा म्हटलं असेल. आता ते तोंडात अडखळतं, आणि त्याचं कारण एक आजी आहे.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका छोट्या रुग्णालयात कॅज्युअल्टीची सिस्टर आहे. आमच्याकडे येणारे बरेचसे पेशंट गोवंडी, बैंगनवाडी, शिवाजीनगरचे. देवनारचं डम्पिंग त्यांच्या उशाशी. 1927 पासून तिथे कचरा पडतोय, 132 हेक्टर जागेवर. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हाचा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता, मार्चमध्ये पुन्हा पेटलं. लहानसहान आगी तर दर उन्हाळ्यात असतातच. वरून विझली असं वाटतं, पण कचऱ्याच्या पोटात मिथेन असतो, आग आतल्या आत सरकत राहते. अग्निशमन दलाची माणसं पाणी मारतात, पोकलेनने थर उलटतात, पुन्हा पाणी मारतात. असे दिवसामागून दिवस जातात.

बाहेरच्याला वाटेल, आग भडकली की आमच्याकडे गर्दी होत असेल. तसं नसतं. गर्दी होते पहाटे तीन ते सहा. रात्री वारा पडतो, हवा गार होते आणि धूर जमिनीलगत बसतो. त्या वेळेला चारही नेब्युलायझर चालू असतात आणि बाकावर आणखी सहा पोरं खोकत असतात. केसांना जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, पत्ता विचारावा लागत नाही. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्यावर 97 दिसलं म्हणून निश्चिंत राहायचं नाही, हे मी प्रत्येक नव्या मुलीला शिकवते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्या चिमट्याला लालच दिसतं.

ही गोष्ट 2016 नंतरच्याच एका मार्चमधली. डम्पिंगचा धूर तिसऱ्या दिवसात गेला होता, आणि नेमका त्याच आठवड्यात खारा वारा रुसला होता. मुंबईचा मार्च कळायला हा वारा कळावा लागतो. समुद्रावरून तो अकरा-साडेअकराला आला तर दुपार निभते. पूर्वेचा कोरडा वारा दाबून राहिला आणि खारा वारा दोन-अडीचपर्यंत आलाच नाही, तर पारा सरसर चढतो. किनाऱ्यावरच्या शहरात कमाल तापमान 37 च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. पण तो पारा सावलीतल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतला. पत्र्याखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत तो किती असतो, हे कोणी मोजत नाही.

आदल्या दिवशी मी संध्याकाळच्या ड्युटीला होते. साताठ वर्षांची एक मुलगी, तिची आई आणि आजी अशा तिघी आल्या. मुलीची छाती भात्यासारखी वाजत होती. मास्क आजीनेच धरला होता. पोरगी मान फिरवेल तसा तिचा हातही फिरायचा. तीन डोस झाल्यावर पोरीला बरं वाटलं. मी माझं वाक्य म्हटलं. वर हेही म्हणाले, "जमलं तर हिला दोन दिवस लांब कुठे तरी न्या."

आई म्हणाली, "माझा भाऊ कल्याणला असतो, उद्या सकाळी नेते."

आजीने विचारलं, "पन सिस्टर, आमच्या पत्र्याला फटी हायेत, त्याचं काय करू?"

मी पुढच्या पोराचं औषध भरत होते. मागे न बघता म्हणाले, "चिकटपट्टी मारा. ओली फडकी कोंबा. फट ठेवू नका."

'पत्रा' हा शब्द मी ऐकला होता. ऐकूनही तो माझ्या कानावरून गेला, हेच मला सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी मला सकाळची ड्युटी होती. सुटायला तासभर होता. चार शेजाऱ्यांनी चादरीत घालून, रिक्षातून एका म्हाताऱ्या बाईला आणलं. दारातच फिट आली. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, बुबुळं बघितली आणि म्हणाले, "झटका आलाय मेंदूचा, सीटीला पुढे पाठवा." डॉक्टर वाईट नव्हते, अठरा तास उभे होते. पण मुंबईत आमच्या सगळ्यांनाच ही सवय लागली आहे. ताप म्हणजे मलेरिया, बेशुद्ध म्हणजे झटका. काखेतला ताप 103 भरला तेव्हा लगेच दुसरा शेरा आला, "मलेरिया मेंदूत गेला असेल, पॅरासिटामॉल चालू करा."

मी तिच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी कोरडी, कढत कातडी. घामाचा टिपूस नाही. मार्चच्या मुंबईत, जिथे आम्ही सगळे गणवेशातून निथळत होतो, तिथे ही बाई कोरडी. मी म्हणाले, "डॉक्टर, गुदद्वारातून ताप बघू द्या." मोठ्या माणसाचा ताप तसा बघायला सगळे कचरतात. गर्दी असते, आडोसा नसतो, लाज वाटते. पण काखेवर अशा वेळी विश्वास ठेवता येत नाही. आमच्या मावशींनी चादर धरली. काचेच्या थर्मामीटरवर 108 पर्यंतच आकडे असतात. पारा 107 च्या पुढे गेला होता.

इथे एक गोष्ट सांगते, कारण ती घरोघरी माहीत हवी. तापात शरीर स्वतःच आपली भट्टी वाढवतं, म्हणून पॅरासिटामॉल दिलं की ती उतरते. उष्माघातात शरीराला बाहेरची उष्णता झेपेनाशी झालेली असते. तिथे गोळी काही करत नाही. गार करणं हाच इलाज, आणि तो पहिल्या अर्ध्या तासात. नंतर मेंदू, मूत्रपिंडं, यकृत एकामागून एक भाजत जातात.

पुस्तकात लिहिलंय, ओली चादर टाका आणि पंखा लावा. कोरड्या हवेच्या गावाला ते लागू पडतं. आमच्याकडे हवेतच इतका ओलावा की पाणी उडतच नाही, अंगावर कोमट होऊन बसतं. बर्फच हवा होता, आणि कॅज्युअल्टीच्या फ्रिजमध्ये बर्फाचे दोन ट्रे. मी लसीकरणाच्या खोलीत गेले. तिथल्या डीप फ्रीझरमध्ये पोलिओच्या पेटीत घालायचे आइसपॅक असतात, सपाट, पाण्याने भरलेले, दगडासारखे गोठलेले. लसीच्या सिस्टर जेवायला गेल्या होत्या. किल्ली खिळ्याला होती. मी सोळा पॅक काढले, रजिस्टरमध्ये आकडा आणि वेळ लिहिली, खाली सही केली. आमचे वॉर्डमामा तोवर नाक्यावरच्या रसवंतीतून अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. पैसे त्यांनी खिशातून दिले, ते त्यांना आजवर मिळालेले नाहीत. लादी फोडायला काही नव्हतं. ऑक्सिजनचं सिलिंडर उघडायच्या पान्याने त्यांनी ती फोडली.

पॅक गॉजमध्ये गुंडाळायचे, नाही तर कातडी बर्फाने जळते. मानेच्या दोन्ही बाजूंना, काखेत, जांघेत. जिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळ येतात, तिथे. फ्रिजमधलं सलाइन शिरेतून. लघवीची नळी टाकली तर कोऱ्या चहाच्या रंगाची, तीही चमचाभर. दर पाच मिनिटांनी पारा. 106, 105, 104 च्या जरा खाली. फिटचं इंजेक्शन तरुण हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मुलीने दिलं. तिचे हात थरथरत होते, पण शीर एका टोच्यात मिळवली. 102 ला आम्ही बर्फ काढला, कारण त्यानंतर शरीर आपोआप आणखी उतरतं आणि अति गार झालं तर तेही घातक. या सगळ्याला पंचेचाळीस मिनिटं लागली. त्या पंचेचाळीस मिनिटांचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही.

उजव्या काखेतला पॅक बदलताना तिच्या दंडाला काही तरी चिकटलेलं हाताला लागलं. खोक्यांना लावतात ती तपकिरी चिकटपट्टी. वीतभर तुकडा, कडेला दातांच्या खुणा, मागच्या बाजूला भिंतीच्या चुन्याचे पोपडे. मी तो सोडवला आणि तेव्हा कुठे तिचा चेहरा बघितला. वीस मिनिटं मी तिच्याजवळ उभी होते. नळ्या बघत होते, आकडे बघत होते.

बाकीचं शेजारणीने सांगितलं. खोली वरच्या मजल्यावरची, लोखंडी शिडीने चढायची. सून आणि नात सकाळीच कल्याणला गेल्या. आजी मागे राहिली, कारण अकराला पाणी येतं आणि ते भरायला कोणी तरी हवं. दोन हंडे तिने शिडीवरून वर चढवले. "मी म्हटलं, आता पट्ट्या काढा, पोरगी तर नाही घरात," शेजारीण म्हणाली. "तर म्हणाल्या, संध्याकाळी यील ना, खोलीत धूर साठायला नको." पंखा फुल्ल होता. चारी बाजूंनी बंद खोलीतली हवा अंगापेक्षा गरम झाली की पंखा गार करत नाही, भात्यासारखा भाजतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. आणि पाणी ती मुळातच कमी प्यायची, कारण सार्वजनिक संडास लांब, दर खेपेला पैसे.

अॅम्ब्युलन्समधून तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मला मात्र आठवड्याने खुलासा मागणारा कागद आला. लसीच्या शीतसाखळीचं साहित्य परवानगीशिवाय का वापरलं? मी उत्तर लिहिलं, तारीख, वेळ, तापाचे आकडे, सगळं. ते वाचलं गेलं की नाही माहीत नाही.

त्या कागदापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. आमच्या बाकामागच्या भिंतीवर दोन पत्रकं शेजारी-शेजारी लावलेली होती. एकावर उन्हाळ्यासाठी सूचना : हवा खेळती ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. दुसऱ्यावर धुरासाठी : दारं-खिडक्या बंद ठेवा. दोन्ही बरोबर. दोन्ही एकाच दिवशी, एकाच घराला लागू. लिहिणाऱ्यांनी एकमेकांची पत्रकं वाचली नव्हती, आणि रोज त्या भिंतीखाली उभी राहणाऱ्या मीही ती कधी एकत्र वाचली नव्हती.

पुढे एका प्रशिक्षणात मॉस्कोची माहिती ऐकली. 2010 च्या उन्हाळ्यात तिथे 6 जुलै ते 18 ऑगस्ट, 44 दिवस उष्णतेची लाट होती. 29 जुलैला पारा 38.2 वर गेला, तिथला आजवरचा उच्चांक. त्यात शहराभोवतीची जंगलं आणि पीटच्या दलदली पेटल्या. पीट म्हणजे हजारो वर्षांचा कुजलेला पालापाचोळा. तोही आपल्या डम्पिंगसारखा आतून जळतो, वरून पाणी मारून विझत नाही. लोक खिडक्या लावून घरात बसले. त्या 44 दिवसांत एरवीपेक्षा जवळजवळ 11,000 मृत्यू जास्त झाले, बहुतेक 65 च्या पुढची माणसं. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला. उष्णतेचे मृत्यू वेगळे, धुराचे वेगळे मोजून बेरीज केली, तरी दोन हजारांहून जास्त उरतात. दोन्ही एकत्र आल्यामुळे गेलेले ते. हॉलमध्ये बसून मी तो आकडा ऐकत होते आणि डोळ्यांसमोर वीतभर चिकटपट्टी होती.

आजी जगली. तीन आठवड्यांनी सून नातीला घेऊन आली, नेब्युलायझरसाठीच. मी विचारलं. म्हणाली, "घरी आल्यात. चालताना झोक जातो. कप दोन्ही हातांनी धरतात, तरी सांडतो." उष्माघाताने लहान मेंदूला इजा झाली की असंच होतं, बऱ्याच वेळा कायमचं. मग तिने माझा हात धरला. "तुमच्यामुळे वाचल्या सिस्टर. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं होतं आम्ही, एक फट ठेवली नव्हती." ती मनापासून आभार मानत होती. मी तिला खरं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता मी वाक्य म्हणण्याआधी विचारते, "वर पत्रा आहे की स्लॅब?" स्लॅब असेल तर जुनंच वाक्य. पत्रा असेल तर घड्याळ लावून सांगते. धूर रात्री आणि पहाटे खाली बसतो, तेव्हा पत्राही गार असतो, तेव्हा बंद करा. सकाळी नऊ-दहाला सगळं उघडा. दुपारी त्या खोलीत कोणीही राहायचं नाही, म्हातारं माणूस तर नाहीच. धूर थोडा लागला तरी चालेल, पण कोंडून घेऊ नका. हे मी कुठल्या पत्रकात वाचलेलं नाही. भर दुपारी धूर थेट वस्तीवर आला तर हेही कोलमडतं.

परवाच एक बाई आली, दोन वर्षांचं मूल, सोबत सासू. मी विचारलं.

"पत्रा," ती म्हणाली.

"वरची खोली की खालची?"

"वरची."

"खाली कोण राहतं?"

"घरमालक."

"दुपारी सासूबाईंना बसू देतील खाली?"

तिने सासूकडे बघितलं. सासूने माझ्याकडे बघून मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. मशीन बंद पडलं होतं, औषध संपलं होतं. मी दुसरा डोस भरला आणि मास्क सासूच्या हातात दिला.