टपाल घरी, टपालखातं बाहेर

गणपतीत बढाई मारली होती की दिवाळीपर्यंत घरातला सगळा मेल स्वतःच्या सर्व्हरवर आणतो. दिवाळी गेली, संक्रांतही गेली. काम अर्धंच झालंय आणि उरलेलं अर्धं मी मुद्दाम सोडून दिलंय. ते का, हे लिहायला थोडा वेळ लागला, कारण मधे एकदा स्वतःच्या हाताने चांगलीच माती केली.

यंत्रसामग्री साधीच. नाशिकच्या फ्लॅटमधलं लोखंडी कपाट, त्यावर जुना थिंकपॅड लॅपटॉप, ८ जीबी रॅम, डेबियन लिनक्स. प्लगला मीटर लावून पाहिलं तर ९ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे महिन्याला साडेसहा युनिट. वीज गेली तरी लॅपटॉप चालू राहतो. राउटर मात्र मान टाकायचा, त्याला आता छोटा यूपीएस लावलाय. लॅपटॉपचा सर्व्हर करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: चोवीस तास चार्जरवर असलेली बॅटरी फुगू शकते. माझी फुगली. कीबोर्ड मधोमध पुरीसारखा वर आलेला दिसला तेव्हा कळलं. नवी घातल्यावर टीएलपी या बॅटरी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवलंय.

सप्टेंबर: गाठोडं

सुरुवात जीमेलच्या टेकआउटपासून (आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय). तिथून सगळा मेल एकाच एमबॉक्स फायलीत येतो. माझी फाईल ११ जीबीची निघाली. एमबॉक्स म्हणजे पत्रं एकाखाली एक चिकटवलेली लांबलचक गुंडाळी. कुठलं पत्र कुठे सुरू होतं हे ‘फ्रॉम’ आणि त्यापुढची मोकळी जागा यावरून ओळखायचं. मजकुरातलीच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली तर तिच्यापुढे बाण लावून वेळ मारून नेतात. मला हे पटत नाही, म्हणून सगळं मेलडिरमध्ये फोडलं. ही पद्धत डॅनियल बर्नस्टाईन यांनी क्यूमेल या मेल-सर्व्हरसाठी काढलेली: एक पत्र, एक फाईल. रात्रीच्या बॅकअपला फक्त नव्या फायली उचलाव्या लागतात आणि एखादी फाईल खराब झाली तर एकच पत्र जातं.

फोडताना जे दिसलं त्यात दोन संध्याकाळी गेल्या. मेलचे हेडर (विषय, पत्ता, तारीख यांच्या वरच्या ओळी) साध्या इंग्रजी अक्षरांच्या अ‍ॅस्कीत असावे लागतात, म्हणून मराठी विषय बेस६४ मध्ये, म्हणजे रोमन अक्षरं नि आकड्यांच्या सांकेतिक लिपीत, गुंडाळून जातो. कच्ची फाईल उघडली की मराठी विषयांच्या सुरुवातीला ४, के, एस ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा दिसतात, मधेच ४, के, डब्ल्यू. योगायोग वाटला होता, पण कागदावर मांडून पाहिलं. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइटचं आणि तीन बाइट म्हणजे बेस६४ ची बरोबर चार अक्षरं. पहिले दोन बाइट सगळ्यांचे जवळपास सारखेच, त्यामुळे पहिली तीन अक्षरंही तीच. अ, क, म, र ‘एस’च्या घरात, ई-काराची दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त हे ‘डब्ल्यू’च्या. पहिली मोकळी जागा आली की एका बाइटने ताल चुकतो आणि नक्षी मोडते. आता मी डिकोड न करताही सांगतो की हा मेल मराठी आहे. याचा व्यवहारात उपयोग शून्य.

उपयोगाची गोष्ट पुढे आहे. अशा गुंडाळलेल्या तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा असते. आजूबाजूची वेष्टनं वजा केली तर एका तुकड्यात देवनागरीची फार तर १५ चिन्हं बसतात, आणि काना-मात्राही वेगळं चिन्ह धरायचं. म्हणजे ‘सोसायटीच्या वार्षिक सभेबाबत’ एवढ्या विषयाचेसुद्धा दोन तुकडे होतात. नियम असा की तुकडा चिन्हाच्या मधोमध पाडायचा नाही. जुन्या काही प्रणाली बेधडक मधे कापायच्या. माझ्या २०१० च्या आगेमागेच्या मेलांत विषयाच्या मध्येच ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं, त्याचं कारण हे. क्लायंट (मेल वाचायचा प्रोग्रॅम) निवडताना असे पाच मेल चाचणीला बाजूला काढून ठेवले.

आणि एक प्रकार असा की ज्याला कुठलाच क्लायंट पुरा पडणार नाही. २००५ च्या सुमारास काका शिवाजी फॉन्टमध्ये मेल लिहायचे. तो फॉन्ट मशीनवर असेल तर मराठी, नाहीतर रोमन अक्षरांचा चिवडा. शोधायला गेलं तर ‘लग्न’ हा शब्द त्या मेलमध्ये मुळी नाहीच, कारण मजकूर रोमन आहे, फक्त दिसायला मराठी. असे ६० मेल आहेत. हाताने बदलतोय, आठवड्याला चार-पाच.

ऑक्टोबर: माती

जुनं आणलं, आता रोजचं आणायला एमबीसिंक, सर्व्हरवरचा मेल घरच्या फायलींशी जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम. जीमेलला आयमॅपने (सर्व्हरवरचा मेल वाचायची ठरलेली पद्धत) जोडलं की प्रत्येक लेबल फोल्डर म्हणून दिसतं, त्यामुळे तीन लेबलं लावलेला मेल तीनदा उतरतो आणि ‘ऑल मेल’मध्ये चौथ्यांदा. ३८,००० मेलांचे लाखाच्या वर झाले. मी स्क्रिप्ट लिहिली, मेसेज-आयडी (मेलची ओळखखूण) सारखा असेल तर जास्तीच्या प्रती उडवायच्या. छान चालली. रात्री एमबीसिंकही छान चालला, कारण मी कॉन्फिगमध्ये दोन्ही बाजूंनी सिंक आणि दोन्ही बाजूंनी एक्स्पंज (कायमचं पुसणं) लिहून ठेवलं होतं. इकडे जे उडालं ते त्याने इमानेइतबारे तिकडेही उडवलं. सकाळी जीमेलमधली निम्मी लेबलं रिकामी, आणि माझी स्क्रिप्ट ‘ऑल मेल’लाच जास्तीची प्रत समजल्यामुळे बरंच काही कचऱ्यात.

टेकआउटची फाईल होती म्हणून वाचलो. लेबलं त्या फाईलमध्ये प्रत्येक मेलच्या हेडरात लिहिलेली असतात, त्यावरून पुन्हा लावली. मधल्या तीन आठवड्यांचं मात्र अर्धवटच परत आलं. आता कॉन्फिगमध्ये सिंक म्हणजे फक्त ‘पुल’, आणि एक्स्पंज कुठेच नाही. घरची प्रत वाढत जाते, तिकडे हात लावत नाही. ज्यांना हे आधीपासून माहीत आहे त्यांनी हसावं.

नोव्हेंबर: टपालखातं उघडण्याचा प्रयत्न

मूळ बेत पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा), डव्हकॉट (मेलपेटी दाखवणारा), आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा) कपाटावरच्या लॅपटॉपवर चालवण्याचा. राउटरच्या पानावर पाहिलं, बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होतोय. बेत तिथेच संपला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते म्हणजे सीजीनॅट, एका सार्वजनिक पत्त्यामागे अख्खी गल्ली. बाहेरून कुणी माझ्या २५ नंबरच्या पोर्टवर येऊच शकत नाही. पैसे भरून स्थिर आयपी घेतला तरी पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) सेवादात्याच्या हातात, आणि घरगुती आयपींचे पट्टे बहुधा स्पॅमहाऊस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या) असतात.

मग एक छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्याने घेतला. मेलकाऊ हा मेल-सर्व्हरचा तयार संच बघितला, सहा जीबी रॅम मागतो, आणि त्यातलं व्हायरस शोधणारं क्लॅमएव्ही एकटंच गिगाबाइटभर गिळतं. ते सोडून पोस्टफिक्स-डव्हकॉट हाताने बसवलं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणारी व्यवस्था), पीटीआर सगळं जागेवर. तपासणीच्या साइटवर दहापैकी दहा. आनंदाने मामेभावाच्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल टाकला.

“आला का?”

“नाही रे.”

“स्पॅममध्ये बघ.”

“तिथंही नाही.”

माझ्या लॉगमध्ये मात्र समोरच्या सर्व्हरने २५० (‘मिळालं’ असा कोड) देऊन मेल ठेवून घेतलेला. पोस्टमनने सही आणली, पत्र कुणालाच मिळालं नाही. तीन आठवडे हेच: पाच ठिकाणी जायचा, सहाव्या ठिकाणी गडप. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि नीट पीटीआर लागू केला, आणि दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना डीमार्कसुद्धा. ते नियम पाळता येतात. आयपीच्या शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी काय उद्योग केले, यावर आपला काही इलाज नाही.

एक गोष्ट या भानगडीत नीट कळली. मेल *घेणं* सोपं आहे. तुमचा सर्व्हर रात्रभर बंद असला तरी पाठवणारा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस रांगेत ठेवतो. *पाठवणं* हे समोरच्याच्या मर्जीवर. आणि माझ्या मेलमध्ये आईच्या मेडिक्लेमची पत्रं असतात.

म्हणून ठरवलं: डोमेन माझं, ने-आण करायला पैसे घेऊन मेल सांभाळणारी एक सेवा, आणि सगळ्या पत्रांची प्रत घरी. उद्या ती सेवा आवडली नाही तर एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणारी) बदलायची, पत्ता तोच राहतो. घरी एमबीसिंक दर १५ मिनिटांनी ओढतो, डव्हकॉट तेच मेलडिर आयमॅपवर दाखवतो, नॉटमच शोधायला. घराबाहेरून पोचायला हेडस्केल (आपल्याच यंत्रांचं खासगी जाळं बांधणारं), ते त्याच व्हीपीएसवर बसवलं. महिन्याचं भाडं वाया गेलं नाही एवढंच समाधान.

डिसेंबर: क्लायंट

आता गंमतीचा भाग. डेस्कटॉपवर फार शोधाशोध केली नाही. थंडरबर्ड. आवृत्ती ११५ पासूनचा नवा चेहरा मला अजून जड वाटतो, पण तुटक्या विषयांचे माझे पाचही मेल त्याने जमेल तितके नीट दाखवले. एव्होल्यूशन चांगलं आहे. माझ्या हाताला बसलं नाही.

निओमट या टर्मिनलमधल्या क्लायंटवर जीव आहे, पण टर्मिनलमध्ये (नुसत्या अक्षरांच्या खिडकीत) देवनागरी म्हणजे परीक्षा. टर्मिनलला वाटतं प्रत्येक अक्षराला एक चौकोन. ‘कि’मधली वेलांटी लिहिताना नंतर येते आणि दिसते आधी, हे त्याला कळत नाही. अ‍ॅलाक्रिटी या टर्मिनलात ‘स्थिती’ वाचताना मलाच अडखळायला होतं. एमएलटर्म हे दुसरं टर्मिनल भारतीय लिप्या बऱ्यापैकी जुळवतं, म्हणून निओमट आता तिथेच, आणि तेही फक्त इंग्रजी मेलिंग लिस्टांसाठी.

फोनवर खरी लढत. फेअरईमेलची सेटिंगं म्हणजे रेल्वेचं जुनं टाइमटेबल, सगळं आहे आणि काही सापडत नाही. मला स्वतःला तेच आवडतं. पण ते एकट्या माणसाच्या खांद्यावर उभं आहे. २०२२ च्या मे महिन्यात गूगलने ते स्पायवेअर ठरवल्यावर त्या गृहस्थांनी काम थांबवल्याचं जाहीर केलं होतं, पुढे सुदैवाने परत आले. के-९ मेल २००८ पासूनचं, तेही बरीच वर्षं जवळपास एकट्याच्या जिवावर. २०२२ मध्ये थंडरबर्डच्या घरात गेलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये थंडरबर्ड नावानेच अँड्रॉइडवर आलं. आतला कोड एकच, फक्त पाटी वेगळी. आता अ‍ॅप निवडताना मी फीचर नंतर बघतो, आधी बघतो की मागे माणसं किती. फायली जुळवून ठेवणाऱ्या सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा हा धडा घेतला होता. कोड मोकळा असतो, पण माणूस दमतो.

आईच्या फोनवर थंडरबर्ड टाकलं. पहिला दिवस:

“लाल-पिवळं पाकीट कुठे गेलं?”

“ते काढलं. आता हा निळा पक्षी.”

“पक्ष्यात पत्रं? बरं. अक्षर मोठं कर.”

अक्षर मोठं केलं, विषयाखालची प्रिव्ह्यूची ओळ बंद केली, स्वाइपने डिलीट होणं बंद केलं. तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा. दोन महिन्यांत एकदाही फोन आला नाही की ‘माझं पत्र गेलं’.

जानेवारी: बाकीचं सामान

इमिच (फोटोंसाठी) आणि व्हॉल्टवॉर्डन (पासवर्डसाठी) चालू आहेत, त्रास नाही, म्हणून लिहिण्यासारखं काही नाही.

कागदपत्रं साठवणाऱ्या पेपरलेस-एनजीएक्सबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ते मेलशी जोडलं गेलंय. आयमॅपच्या एका फोल्डरवर नियम लावला की त्यातल्या पीडीएफ ते स्वतः उचलतं. वीजबिल, पाण्याचं बिल, सोसायटीची पावती आपोआप जाऊन बसते. मूळ पेटीत ओसीआरच्या (चित्रातला मजकूर वाचण्याच्या) भाषा पाचच येतात, मराठी त्यात नाही. कॉन्फिगमध्ये टेसरॅक्ट या ओसीआर इंजिनचा ‘एमएआर’ हा कोड घालून ती वेगळी उतरवावी लागते आणि वाचायच्या भाषांत मराठी अधिक इंग्रजी असं लिहावं लागतं. छापील बिलं छान वाचतं. गावच्या जमिनीचा जुना सातबारा दिला, झेरॉक्सची झेरॉक्स, तर ‘क्षेत्र’ जवळजवळ प्रत्येक वेळी वेगळं वाचलं. आकडे मात्र बरे आले, आणि मला आकडेच हवे होते.

बँकेच्या स्टेटमेंटला पासवर्ड असतो, तिथे ओसीआर हात वर करतं. त्यासाठी आधी चालणारी छोटी स्क्रिप्ट क्यूपीडीएफने कुलूप काढते. पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिलेत, हे लिहिताना लाज वाटते. सुधारायचंय.

काल रेस्टिकचा बॅकअप पुण्यातल्या भावाकडच्या डिस्कवरून परत आणून पाहिला, रिकाम्या मशीनवर. दोन तास चाळीस मिनिटं. नॉटमचला अनुक्रमणी पुन्हा करायला लावली आणि ‘हळदीकुंकू’ टाकलं. अकरा मेल आले. बारावा काकांचा होता, शिवाजी फॉन्टातला, गेल्याच आठवड्यात हाताने बदललेला. अजून ४१ बाकी आहेत.