तीन मिलीचा डार्ट

राजापूरकडच्या एका गावातून सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला. "डॉक्टर, काजूच्या बागेत वाघ फासकीत गावलाय. जिता आहे, पण लवकर या." कोकणात बिबट्याला वाघच म्हणतात, त्याची आता सवय झाली आहे. मी एवढंच विचारलं, "फासकी कुठे बसलीय? गळ्यात, पायात की कमरेत?" पाटील कुणाशी तरी बोलले आणि म्हणाले, "कमरेत."

गळ्यात फास बसला तर आम्ही पोचेपर्यंत बहुतेक वेळा सगळं संपलेलं असतं. पायात बसला तर जखम वाईट असते, पण हातात वेळ असतो. कमरेतला फास या दोन्हींपेक्षा फसवा. जनावर उभं असतं, गुरगुरत असतं, बघ्यांना वाटतं ठणठणीत आहे. पण प्रत्येक उडीसरशी तार आवळत जाते आणि तिच्याखाली मूत्रपिंडं, आतडी, मूत्राशय सगळं चेपलं जात असतं. वरून कातडी फाटलेली दिसत नाही म्हणून आत काही झालं नाही, असं कधीच धरून चालता येत नाही.

फासकी म्हणजे दुसरं काही नाही, मोटारसायकलच्या क्लचची नाहीतर ब्रेकची तार. रानडुकरांच्या वाटेवर तिचं वेटोळं टांगायचं आणि दुसरं टोक एखाद्या झाडाच्या बुंध्याला बांधायचं. डुकरं भाताची काय नासाडी करतात ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे शेतकऱ्याचा राग मला समजतो. पण डुकराची वाट बिबट्याचीही वाट असते. डोकं आणि पुढचे पाय वेटोळ्यातून पार झाले की तार बरोबर कमरेवर येऊन बसते. कातड्याच्या चोरट्या धंद्यातले शिकारीही बंदुकीपेक्षा तारेला आणि सापळ्याला पसंती देतात, कारण गोळीचं भोक पडलं की कातड्याचा भाव उतरतो. कातडं शाबूत राहावं ही काळजी त्यांनाही असते आणि मलाही. मला ते आतल्या जनावरासकट शाबूत हवं असतं, एवढाच फरक.

पोचलो तेव्हा बागेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, निम्मा गाव चढून बसला होता. मोबाइल वर केलेले, कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी मुलाला खांद्यावर घेऊन वाघ दाखवतंय. मादी होती, अंदाजे पस्तीस ते चाळीस किलोची. खालच्या अंगाला, उतारावर, एका किंजळीच्या रोपाला तार बांधलेली. रोप मनगटाएवढं जाड आणि मुळाशी हललेलं. ते उपटलं असतं तर ती तारेसकट या गर्दीत घुसली असती.

आमचे रेंजर साहेब माणूस चांगला, पण बंदुकीच्या बाबतीत हौशी. ते म्हणाले, "डॉक्टर, इथूनच मारा. गडग्यावरून स्पष्ट दिसतेय. पस्तीस-चाळीस मीटर असेल. जवळ जायची जोखीम कशाला?"

इथूनच आमचा वाद सुरू झाला, आणि आमच्या कामातली अर्धी अक्कल या वादातच असते.

भुलीच्या बंदुकीला लोक बंदूक समजतात आणि बंदुकीचे गुण तिच्यात शोधतात: पल्ला किती, जोर किती. मला मात्र तिचा जोर कमीत कमी हवा असतो. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. ती जनावराला लागली पाहिजे, सुई स्नायूत गेली पाहिजे आणि औषध आत उतरलं पाहिजे. यापलीकडे जो काही जोर असेल तो सगळा जनावराच्या अंगावर निघतो. वेग दुप्पट झाला तर आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं गणित इथे हाडाच्या तुकड्यांत मोजावं लागतं. जवळून जास्त दाबाने मारलेला डार्ट मांडीचं हाड मोडू शकतो, बरगड्यांमधून आत घुसू शकतो. आणि लांबून मारायचं तर दाब वाढवावाच लागतो, नाहीतर डार्ट वाटेतच खाली झुकतो. शिवाय त्या अंतरावर वाऱ्याची एक झुळूक आणि जनावराची एक हालचाल मिळून नेम वीतभर सहज चुकतो. मांडीपासून वीतभर पुढे पोट असतं, आणि आज त्या पोटावर तार होती.

आमच्या स्टोअरमध्ये दारूच्या काडतुसावर चालणारी एक जुनी डार्ट रायफल पडून आहे. तिचे डार्ट धातूचे आणि वजनदार. औषध ढकलायला त्यांच्या आतही एक छोटी टोपी फुटते, त्यामुळे औषध इतक्या झटक्यात आत जातं की आजूबाजूचा स्नायू फाटतो. गव्यासारख्या जाड कातडीच्या, मोठ्या स्नायूंच्या जनावराला ते चालून जातं. चाळीस किलोच्या मादीला नाही. रेंजर साहेबांनी तीही गाडीत टाकून आणली होती. मी ती गाडीतच राहू दिली.

मी काढली ती कार्बन डायऑक्साइडवर चालणारी. तिला दाबाचं घड्याळ असतं आणि अंतर बघून दाब कमी-जास्त करता येतो. नळ्या दोन, ११ मिमी आणि १३ मिमी. कुठली लावायची ते औषध किती मिली होतंय यावर ठरतं. आम्ही वापरतो ते केटामिन आणि झायलाझिन या भुलीच्या दोन औषधांचं मिश्रण. दुकानात सहज मिळणारं झायलाझिन मिलीला २० मिलिग्रॅम ताकदीचं असतं. ते घेतलं असतं तर या मादीसाठी एकूण औषध पाच मिलीच्या आसपास गेलं असतं. म्हणजे मोठा डार्ट, जास्त वजन, जास्त दणका. १०० मिलिग्रॅमची बाटली असेल तर तेच सगळं तीन मिलीच्या आत बसतं. औषध जितकं तीव्र तितका डार्ट लहान, आणि डार्ट जितका लहान तितका मार कमी. खरेदीच्या वेळी ही तीव्र बाटली महाग का मागता, असं मला दरवेळी विचारलं जातं.

फुंकनळीचाही विचार केला. तिचा मार सगळ्यात हलका, पिंजऱ्यातल्या जनावराला मी दुसरं काही वापरत नाही. पण तिला आठ-दहा मीटरच्या आत जावं लागतं, आणि त्या हललेल्या रोपावर माझा तेवढा विश्वास नव्हता.

डार्ट मी गाडीच्या मागच्या फळीवर भरला. दोन कप्पे असतात. पुढच्यात औषध, मागच्यात हवा, मधे रबरी दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं आणि भोक तिच्या बाजूला असतं. त्या भोकावर सिलिकॉनची बारीक नळी चढवायची आणि मग मागच्या कप्प्यात सिरिंजने हवा दाबायची. सुई कातडीत शिरली की सिलिकॉन मागे सरकतं, भोक उघडं पडतं आणि हवा औषध ढकलते. नळी नीट बसली नसेल तर सगळं औषध वाटेतच उडून जातं, किंवा भरणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी डार्टला हात लावत नाही. झायलाझिन माणसाच्या अंगात गेलं तर नाडी आणि रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येऊ शकतात.

सुई साधी घेतली. आकड्याची सुई अंगात रुतून बसते आणि नंतर कातडी कापून काढावी लागते. जनावर पळून जाणार असेल आणि डार्ट अंगावर टिकायला हवा असेल तेव्हा तिचा विचार करता येतो. इथे मादी बांधलेलीच होती. औषध सेकंदभरात आत जातं, त्यानंतर डार्ट गळून पडला तरी चालतं. लांबी वीस मिलिमीटरच्या आसपासची. मांसल मांडीला तेवढी पुरते आणि हाडापर्यंत जात नाही. शेपटीला गुलाबी लोकरीचा गोंडा, कारण गवतात पडलेला डार्ट शोधून काढावाच लागतो. त्यात औषध उरलेलं असू शकतं आणि गावात पोरं असतात.

आता जवळ कसं जायचं? गर्दीला पाटलांनी आणि पोलिसांनी आधी गडग्याच्या पलीकडे हटवलं, आणि मी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. हे नुसतं सुरक्षेसाठी नव्हतं. बिथरलेल्या जनावरावर झायलाझिन नीट चढत नाही. मग दुसरा डार्ट, म्हणजे दुसरा मार आणि जास्त औषध. आंब्याच्या रोपांवर घालतात ती हिरवी शेडनेट आमच्या गाडीत कायम असते. दोन वनरक्षकांनी ती बांबूंवर आडवी धरली आणि आम्ही तिच्या आडून पावलापावलाने उतरलो. समोर माणूस दिसेनासा झाला की बिबट्या किती लवकर शांत होतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. ती उड्या मारायची थांबली, खाली बसली, पण कान आमच्याकडेच. दुसऱ्या बाजूने तिघांनी मोठी जाळी तयार धरली होती, रोप उपटलंच तर अंगावर टाकायला.

अंतर मोजलं, चौदा मीटर. आमच्या पेटीच्या झाकणाला एक तक्ता चिकटवलेला आहे: पाण्याने भरलेले डार्ट पोत्यावर मारून मारून काढलेला, कुठल्या अंतराला किती दाब. छापील तक्त्यावर मी विसंबत नाही. प्रत्येक बंदुकीचा स्वभाव वेगळा असतो, आणि उतारावरून खाली मारताना डार्ट वर लागतो हेही ध्यानात ठेवावं लागतं. दाब तक्त्याप्रमाणे लावला, शेडनेटच्या फटीतून नळी काढली आणि थांबलो. ती बसली होती तेव्हा मांडी पोटाशी दुमडलेली होती. मागून वनरक्षक कुजबुजला, "मारा ना डॉक्टर." मी मारलं नाही. थोड्या वेळाने ती उठली, आमच्याकडे कूस करून उभी राहिली, उजवी मांडी पूर्ण दिसली. तेव्हा मारलं.

फट्‌ असा आवाज झाला, बस. ती वळली, डार्टला चावायला गेली, एक उडी घेतली. रोप वाकलं पण मुळाने धरून राहिलं. गुलाबी गोंडा मांडीच्या मधोमध होता, तो थोड्या वेळाने गळून पडला. आम्ही सगळे तिथेच, पुतळ्यासारखे. पाचेक मिनिटांनी मागचे पाय डगमगले. मग डोकं खाली, जीभ बाहेर. दहा-बारा मिनिटांनी मी लांब बांबूने कानाला स्पर्श केला. कान हलला. परत थांबलो. दुसऱ्यांदा हलला नाही.

त्यानंतर कामाची घाई. केटामिनमध्ये डोळे उघडेच राहतात, पापणी मिटत नाही, म्हणून आधी डोळ्यांत मलम आणि वर काळं फडकं. मग कटरने तार. ती केसांत इतकी रुतली होती की कटरची चोच आत घालायला मला बोटाने कातडी दाबून जागा करावी लागली. तार निघाल्यावर कमरेभोवती बोटभर रुंदीचा पट्टा दिसला, केस झडलेले, कातडी काळसर-जांभळी, एका ठिकाणी चिरलेली. ताप १०५ अंश फॅरनहाइटच्या वर गेलेला. धडपड, ऊन आणि औषध, तिघांचा मिळून. पोटावर, जांघेत, पंजांवर पाणी ओतत राहिलो, शिरेतून सलाइन सुरू केलं आणि तापमान उतरायला लागल्यावरच पट्ट्याची नीट तपासणी केली.

डार्टची जागा मी मुद्दाम शोधली. केस बाजूला सारल्यावर मोहरीएवढा रक्ताचा ठिपका. सूज नाही, निळेपणा नाही. रेंजर साहेब वाकून बघत होते. मी काही बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही.

पिंजऱ्यात घातल्यावर वनरक्षक घाई करू लागले, शुद्धीवर आणायचं औषध द्या म्हणून. झायलाझिनचा असर योहिंबिनने उलटवता येतो, पण केटामिनला उतारा नाही. लवकर योहिंबिन दिलं तर नुसतं केटामिन अंगात उरतं आणि झटके येऊ शकतात. म्हणून पाऊण तास जाऊ दिला, मग दिलं.

तिला आम्ही दोन रात्री डेपोत ठेवली. माझं सगळं लक्ष लघवीकडे. स्नायू मोठ्या प्रमाणावर चेपले गेले की लघवी तांबूस, चहाच्या रंगाची होते आणि मग मूत्रपिंडं बंद पडायची भीती असते. पहिल्यांदा गडद होती, नंतर साफ झाली. दुसऱ्या रात्री तिने कोंबडी खाल्ली. गावाचं म्हणणं होतं की दूर कुठेतरी नेऊन सोडा. पण बिबट्याला त्याच्या मूळ परिसराजवळच सोडावं, असं केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. परक्या मुलखात सोडलेला बिबट्या तिथे भांडणं उभी करतो, आणि इथली मोकळी जागा दुसरा येऊन भरतो. वरिष्ठांची परवानगी आल्यावर त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला रात्री पिंजरा उघडला.

वनरक्षकांनी ती बाग आणि वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, पिंजून काढला, आणखी तारा सापडल्या, काही गंजलेल्या, काही अगदी नव्या. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे दोष सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं. तारा कुणाच्या, ते मात्र गावात कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या खरेदीच्या यादीत रेंजर साहेबांनी "लांब पल्ल्याची डार्ट रायफल, नग १" असं लिहून ठेवलं होतं. मी त्यांच्यासमोरच ते खोडलं आणि लिहिलं: अंतर मोजायची दुर्बीण, तीव्र झायलाझिन, सिलिकॉनच्या नळ्या, साध्या सुया, शेडनेट. त्यांनी सही केली. शेडनेट तेवढी लगेच मिळाली.