त्रयोदशीचं पाणी आणि वरची तार

आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे त्रयोदशीला पावणेदहा-दहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. डॉक्टरांना मी सकाळी आठला यायला सांगितलं होतं ते याच हिशेबाने. बोर घाटात अडकून ते पोचले साडेदहाला.

मी शिडाच्या छोट्या बोटी जुळवतो आणि ट्रेलरवरून पाण्यात उतरवून देतो. डॉक्टरांची होबी १६, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी जोडलेली शिडाची बोट, तोवर फक्त धरणाच्या पाण्यात चाललेली. खाऱ्या पाण्यात जायची तिची ही पहिलीच खेप. अलिबागच्या बाजूला एका खाडीच्या तोंडाशी सिमेंटचा रॅम्प आहे, तिथे आम्ही भेटलो. पौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळे उधाणाचं पाणी. उधाणाला इथे पाणी साडेतीन-चार मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. भरतीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या तासात तर डोळ्यांदेखत पळतं. सिमेंट संपलं की पुढे गाळ. ट्रेलरचं चाक एकदा गाळात गेलं की मग ट्रॅक्टर शोधत फिरा. म्हणजे साडेबारापर्यंत बोट उतरली नाही तर त्या दिवशी नाहीच.

घाई होती, तरी थांबणं भाग होतं. पुण्यापासून धावून आलेल्या ट्रेलरच्या चाकांना हात लावला तर हब, म्हणजे चाकांच्या मधले बेअरिंगचे भाग, चांगलेच तापलेले. असे तापलेले हब पाण्यात बुडवले की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. बेअरिंगची त्याने वाट लागते. अर्धा तास गाडी सुरूच्या झाडांखाली उभी ठेवायची, हे मी ठरवलं.

आणि तिथेच चुकलो. तो अर्धा तास फुकट जाऊ नये म्हणून काठी तिथेच उभी करू, असं मी म्हटलं. एरवी डोलकाठी मी रॅम्पच्या तोंडाशी, पाण्याजवळ उभी करतो. त्या दिवशी झाडांच्या मोकळीत उभी केली, तारा ताणल्या, पिना घातल्या, दोन्ही होड्यांच्या मागच्या टोकांची बुचं अंगठ्याने दाबून पाहिली. सगळं नीट झालं. डॉक्टर गाडीत बसले, मी बोटीच्या बाजूने चालायला लागलो. ट्रेलर खड्ड्यात हिंदकळला की काठी डुलायची, म्हणून डाव्या हाताने श्राउड धरून ठेवली होती. श्राउड म्हणजे काठीला बाजूने ताणून धरणारी स्टीलची तार. काठीवर वरच्या बाजूला बांधलेली असते.

माझी नजर खाली. ओल्या सिमेंटवरचं हिरवं शेवाळ, त्याच्या खाली सरकत चाललेली पाण्याची कड, डॉक्टरांचं मागचं चाक. डॉक्टरांचीही नजर खालीच.

धक्क्यावर एक म्हातारे तांडेल जाळं सांधत बसले होते. ते एकदम ओरडले, "काठी! आरं काठी बग! वर, वर!"

मी हात सोडला आणि गाडीच्या पत्र्यावर जोरात थाप मारली. गाडी थांबली. वर पाहिलं तर रस्त्यावरून आडव्या गेलेल्या तीन तारा, आणि काठीचं टोक पहिल्या तारेपासून जेमतेम दीड हात.

ती अकरा हजार व्होल्टची लाईन होती. पावसाळ्यात बर्फाच्या कारखान्यासाठी नवीन टाकलेली. मी त्या रॅम्पवर शेवटचा गेलो होतो मे महिन्यात, आणि माझ्या डोक्यात मेमधलंच आकाश होतं. अशी लाईन रस्ता ओलांडते तिथे ती किमान ६.१ मीटर उंच असावी, असा नियम आहे. होबी १६ ची काठी २६ फुटांची, म्हणजे आठ मीटरच्या आसपास, आणि ती मीटरभर उंच ट्रेलरवर उभी. हे गणित चौथीतलं पोरही करेल. मला येत होतं, मी केलं नव्हतं. काठी तळापासून टोकापर्यंत ॲल्युमिनियमची आणि श्राउड स्टीलची. ती धरलेला माझा हात, खाली ओलं सिमेंट. अमेरिकेत याच बोटीच्या काठ्या तारांना लागून माणसं गेली, म्हणून तिथे काठीचा वरचा तुकडा फायबरग्लासचा करायला लागले. हे मी शिकाऊ पोरांना दरवर्षी सांगतो.

"डॉक्टर, उतरू नका," मी ओरडलो. सगळ्यांना लांब केलं, मीही बोटीपासून दहा पावलं मागे झालो. मग त्यांना सरळ रेषेत, अगदी सावकाश गाडी मागे घ्यायला लावली. टोक तारांपासून चांगलं लांब गेलं, तेव्हा कुठे माझे पाय थरथरतायत हे मला कळलं.

काठी झाडांखाली पुन्हा आडवी केली, बोट तारांखालून पलीकडे नेली. तोवर एक वाजून गेला होता. सिमेंटच्या खाली नुसता काळा गाळ चमकत होता आणि त्यात बगळे फिरत होते. डॉक्टर एक शब्दही वाकडं बोलले नाहीत. तांडेलमामांनी चहा मागवला. मी त्यांच्या पाया पडलो, तर "आमची पन गलबताची काठी हाय ना रं," एवढंच म्हणाले आणि परत जाळ्याला लागले.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी, पाणी साडेदहाला. नऊ वाजता मी एकटा सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत मान वर करून चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. काठी तारांच्या पलीकडे, रॅम्पच्या तोंडाशी उभी केली. चाकं हबपर्यंत बुडाली, बोटीचं बूड हललं, आणि ती ट्रेलरवरून आपसूक उचलली गेली. दोर मामांच्या हातात होता. खारा वारा अजून सुटायचा होता, शीड नुसतंच लोंबत होतं. डॉक्टर बोटीत चढले आणि सुकाणू धरायच्या आधी त्यांनी वर पाहिलं.