मडगाव ते आगोंद, आणि हँडलची दोन सेंटिमीटर उंची

असोळण्याचा पूल ओलांडताना डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. मडगावहून आगोंदला सायकलने निघून थोडाच वेळ झाला होता. बेतुलला साळ नदीच्या मुखाशी थांबलो, तर बाटलीचं झाकण उघडेना.

सोबत मडगावचा मामा होता. "अगो, हात काठीसारखे ताठ धरून सगळं अंग हँडलवर टाकलंयस तू! हादरे थेट तळव्यात जाणार."

खरंच होतं ते. तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाणारी अल्नर नस दाबली गेली की नेमकी हीच दोन बोटं झोपतात. मी आधी जाड हातमोजे घेतले, मग जेल ग्रिप्स, म्हणजे हँडलच्या मऊ मुठी. पैसे गेले, मुंग्या राहिल्या.

मामाने पाच नंबरची ॲलन की, म्हणजे षटकोनी बोल्टची किल्ली काढली. सीटचं नाक खाली झुकलं होतं, त्यामुळे मी सारखी पुढे घसरत होते. ते सपाट केलं. ब्रेकचे लिव्हर जवळजवळ आडवे होते, म्हणून मनगट वर मुडपायचं. हात ठेवून कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष येईल इतके ते खाली फिरवले. दहा मिनिटांचं काम. बेतुलनंतरचा चढ दम काढतो, पण काब द रामच्या किल्ल्यापाशी पोचेपर्यंत बोटं जागी झाली होती.

उरलेलं घरी येऊन केलं. स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) वरच्या दोन चकत्या खाली घातल्या, हँडल दोन सेंटिमीटर वर आलं. हे करताना पुढचं चाक टेकवून ठेवा, नाहीतर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग, खाली सरकतो. चकत्या बदलल्यावर आधी वरच्या झाकणाचा बोल्ट हलका आवळा, हँडल चाकाच्या रेषेत आणा आणि मगच स्टेमचे बाजूचे बोल्ट घट्ट करा. वरचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. टकटक जाणवली तर ढिलाई राहिलीय. बोल्ट किती आवळायचे ते बहुतेक स्टेमवर छापलेलं असतं, बऱ्याचदा ५ न्यूटन मीटर. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणल्या जात नाहीत ना, ते बघाच.

माझं हँडल ६८० मिमी रुंद होतं, माझ्या खांद्यांना जास्तच. पण लगेच करवत लावू नका. ग्रिप्स आणि लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवा. मी तसं करून मगच दोन्हीकडून २० मिमी कापलं.

या रस्त्याने जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा. बेतुलच्या पुढे सडा, म्हणजे उघडं पठार आहे, सावली कमी. पाणी खालीच भरून घ्या. खोला गावची मिरची मिळाली तर घ्या, २०१९पासून तिला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. परतताना हायवेने करमल घाटातून येऊ नका, ट्रक फार असतात. आम्ही आलो त्याच रस्त्याने परतलो.